आईची चौकट

आईने डोक्यावरचा रुमाल सोडून पुन्हा नीट बांधला आणि मला म्हणाली, "विचार त्याला, हनुवटी वर करू का?"

मी विचारलं. कामच ते होतं माझं. आमच्या सरोवरातले मासे का आटले, हे लिहायला आणि कॅमेऱ्यात टिपायला मार्टन हॉलंडहून आला होता आणि मी त्याचा दुभाष्या, वाटाड्या, पिशव्या उचलणारा. एरवी सरोवराकाठच्या होमा बे गावाच्या बाजारात माझा स्वतःचा स्टुडिओ आहे. लग्नं, पासपोर्ट आणि मुख्य म्हणजे मयती. आमच्याकडे शवपेटीपुढे गेलेल्या माणसाचा मोठा फोटो धरून चालतात, आणि ती चौकट पंधरा वर्षं माझ्याकडूनच जाते. त्यामुळे मी कॅमेरा काढला की म्हातारी माणसं घरात पळतात. त्यांत पहिली माझी आई. मला तिने एकही फोटो काढू दिला नव्हता.

आणि या परक्यापुढे ती नटूनथटून बसली होती! मार्टनने आमच्या भाषेतले दोन शब्द मोडूनतोडून म्हटले, ती खळखळून हसली आणि त्याने ते हसू टिपलं. माझा नुसता जळफळाट झाला. उजेड कुठून घ्यायचा, हेही त्याला मीच सांगितलं होतं.

तो जीपकडे गेल्यावर मी तिला गाठलं.

"त्याच्यापुढे बरी बसलीस. मी काय घोडं मारलंय तुझं?"

"तो उद्या जाईल. तुझ्यापुढे बसले तर लोक म्हणतील, न्यार उयोमाची तयारी झाली." माहेरच्या गावावरून तिला सगळे न्यार उयोमा, म्हणजे उयोमाची लेक, म्हणत.

"लोकांचं सोड. त्याचा हात माझ्याहून चांगला आहे का?"

"हात कोण बघतंय, ओबुया? तो हसवतो. तू कॅमेरा धरलास की पेटीचं माप घेतल्यासारखा बघतोस."

मला ते फार झोंबलं, कारण खोटं नव्हतं.

तीन महिन्यांनी टपालाने मासिक आलं. अख्खं पान आईचं, खाली मार्टनचं नाव. माझं कुठेच नाही. मी ते स्टुडिओतल्या कपाटात टाकलं. "आला का रे माझा फोटो?" आईने दोनतीनदा विचारलं. नाही आला, म्हणालो. मग तिने विचारणं सोडलं.

पुढच्या वर्षी आई गेली. पेटीपुढे धरायला आता तिची चौकट हवी होती, आणि मासिकाचं पान मोठं केलं की ठिपके दिसत; ते सोडलं तर माझ्याकडे तिचा ओळखपत्रावरचा नखाएवढा चेहरा, एवढंच होतं. मी मार्टनला निरोप धाडला. त्याने तासाभरात मोठा फोटो पाठवला, वर दोन ओळी सांत्वनाच्या. चांगुलपणासुद्धा त्यानेच दाखवायचा. मी फोटो छापला, चौकटीत बसवला आणि दार लावून खूप रडलो.

अंत्यविधीला उयोमाहून मावशी आली होती. चौकटीपुढे ती बराच वेळ उभी राहिली.

"किती छान हसलीय," ती म्हणाली. "शेवटी बसली म्हणायची तुझ्यापुढे."

"हो," मी म्हणालो, आणि चौकट छातीशी धरून शवपेटीच्या पुढे चालायला लागलो.