खूण असलेले कटर

निवृत्तीनंतर गुरुदत्तने हौसेने एक लहान मिलिंग मशीन घेतलं आणि हेब्बाळच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं. पण नुसतं मशीन काय कामाचं? लोखंड कापायला कटर हवेत, कटर धरायला कॉलेट हवेत, आणि नवे घ्यायचे म्हणजे किंमत ऐकूनच अंगावर काटा येतो. म्हणून एका रविवारी सकाळी तो शिवाजीनगरला जुन्या हत्यारांच्या गल्लीत गेला.

दुकानदाराने वापरलेल्या कटरांचा डबा पुढे सरकवला. गुरुदत्त एकेक उचलून उजेडात धरी, धारेवर नख फिरवी आणि परत ठेवून देई. गिऱ्हाईक जाणतं दिसतंय म्हणून दुकानदाराने गल्ल्याखालून प्लास्टिकच्या नळ्यांत घातलेले कटर काढले. "ये देखो साब, एकदम नया."

खरंच कोरे होते. गुरुदत्त हरखला. एक कटर बोटांत फिरवताना दांड्यावर कोरलेला बारीकसा त्रिकोण दिसला आणि त्याने कटर उजेडात धरला.

होसकोट्याच्या ज्या कारखान्यात त्याचा जन्म गेला, तिथल्या स्टोअरमध्ये नव्या कटरवर हीच खूण कोरत. ती पद्धत सुरू झाली कल्लाप्पाला काढल्यावर. कल्लाप्पा स्टोअरमधला मदतनीस. कटर नाहीसे होऊ लागले तेव्हा आळ त्याच्यावर आला, आणि "मी नाही घेतले" असं विनवत तो फाटकाबाहेर गेला. म्हणजे हा कटर बाहेर पडला तो त्याच्यानंतर. आणि तेव्हापासून स्टोअरची किल्ली एकाच माणसाकडे होती. रविकिरणकडे. गुरुदत्तच्या धाकट्या बहिणीच्या, चंदनाच्या नवऱ्याकडे.

"कौन लाता है?" त्याने विचारलं.

"आते हैं एक चश्मेवाले साब, स्कूटर पे. लेना है क्या?"

त्याने दोन घेतले आणि तिथूनच बहिणीच्या घरी गेला. चंदनाने कॉफी दिली. ती आत जाईपर्यंत तो थांबला, मग दोन्ही नळ्या टीपॉयवर ठेवल्या.

"शिवाजीनगरला मिळाले."

रविकिरणने नळ्यांना हात लावला नाही. चष्मा काढून पुसत बसला.

"अण्णा, स्वल्प हळू बोला. ती आत आहे."

"रविकिरणराव, कल्लाप्पाच्या वेळचेही तुम्हीच?"

रविकिरणने आतल्या दाराकडे पाहिलं. मग एकदम पुढे झुकला. "आता बंद करतो, देवाशपथ. तुमच्या मशीनला काय लागेल ते मी आणून देतो ना. कॉलेट, कटर, काहीही."

गुरुदत्त ताडकन उठला. "उद्या जाऊन मॅनेजरांना सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

"आणि चंदनाचं काय?"

गुरुदत्तने नळ्या उचलल्या आणि तो बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी रविकिरणने फोन उचलला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी गुरुदत्तने होसकोट्याची बस धरली. फाटकाशी बराच वेळ तो नुसता उभा राहिला. हे स्थळ त्यानेच आणलं होतं. चंदना नको म्हणत होती, तर त्यानेच तिची समजूत काढली होती. शेवटी तो आत गेला आणि दोन्ही कटर मॅनेजरच्या टेबलावर ठेवले.

रविकिरणची नोकरी गेली. त्याच संध्याकाळी चंदनाचा फोन आला.

"माझ्याशी एक शब्द बोलला असतास, अण्णा. मी त्यांना वळवलं असतं. मला न विचारता तू माझं घर मोडलंस."

तो "चंदू" म्हणाला, तेवढ्यात फोन बंद झाला.

कल्लाप्पा आता मालाचा टेंपो चालवत होता. गुरुदत्त त्याला शोधत त्याच्या घरी गेला. कंपनीने परत बोलावलंय हे कल्लाप्पाला आधीच कळलं होतं.

"मी जाणार नाही, सर. पण आलाच आहात तर एक करा. समोर माझे सासरे राहतात. माझ्यावर आळ आला तेव्हापासून ते आमच्या घरी पाणी पीत नाहीत. त्यांना सांगा."

गुरुदत्त समोर गेला. उंबऱ्यात उभं राहून त्याने म्हाताऱ्याला कन्नडमध्ये सगळं सांगितलं: चोर कोण, आणि तो आपला कोण लागतो तेही. म्हातारा ऐकत राहिला. मग काठी टेकत उठला आणि रस्ता ओलांडून जावयाच्या दारात जाऊन बसला.

बसथांब्यावर गुरुदत्तने चंदनाला फोन लावला. रिंग वाजून वाजून थांबली. त्याने पुन्हा लावला.