अनसाक्काचे कावळे

कावळ्याच्या पिल्लाला घास भरवताना अनसाक्काचा हात कोपरापर्यंत आत जायचा. पिल्लू मुठीएवढं, अंगावर धड पीस नाही, पण घसा विहिरीसारखा खोल. तळाशी कुणीतरी घास काढून घ्यायचं, मग हात बाहेर. तिला त्याचं नवल नव्हतं. भूकच तेवढी असते हो, असं ती शेजारणींना सांगायची.

रस्ता रुंद करायला गावातली झाडं पाडली, तेव्हा घरट्यांतून पडलेली सगळी पिल्लं तिनं बुट्टीत घालून घरी आणली. दुधात कुस्करलेली भाकरी, उकडलेल्या अंड्याचा बलक, सारखं भरवणं चालू. नवरा केरबा कुरकुरायचा, की पाखरांना जमिनीवरचं टिपायला शिकव, नाहीतर जन्मभर आ करून बसतील. पण पोटी पोर नसलेल्या बाईपुढं कुणी आ केला, तर ती हात आखडेल होय? पिल्लं मोठी झाली, उडाली, गावभर पसरली, आणि भूक लागली की तिच्याच दारात यायची. खाली सांडलेल्या दाण्याकडं एकही कावळा बघायचा नाही.

श्रावणात केरबा गेला. दुसऱ्या दिवशी ती पाखरांना भरवायला बसली आणि घशाच्या तळाशी घास घेणारी बोटं तिनं ओळखली. अंगठा जाड, नख मधोमध चिरलेलं, केरबाचंच. बाई ढसाढसा रडली, आणि घास संपले तरी हात बाहेर काढेना. मग मात्र तिला घोर लागला. माणूस असा अधेमधे लटकून कसा राहील? दहाव्याला कावळा शिवला म्हणजे सुटेल बिचारा, एवढीच तिची आस.

दहाव्याला घाटावर धाकट्या दिरानं, शिदबानं, पिंड मांडला. कावळे आले, गावातले झाडून सगळे. पिंडाकडं पाठ करून ते अनसाक्कापुढं ओळीनं बसले आणि त्यांनी चोची उघडल्या. शिदबानं हात जोडून वैनींना सांभाळायचं वचन दिलं, म्हैस विकणार नाही म्हणाला, बांधावरून भांडणार नाही असंही म्हणाला. कावळे हलले नाहीत. बघता बघता घाटाच्या पायऱ्या घशासारख्या आखडत गेल्या आणि मंडळींचे खांदे एकमेकांना टेकले. भटजी पिशवीतून दर्भ काढून त्याचा कावळा वळू लागले.

गवताच्या कावळ्यानं शिवलं तर केरबा अतृप्तच गेला असं गाव म्हणणार, आणि तो कुठं अडकलाय हे अनसाक्काला तर ठाऊकच होतं. ती उठली. बाईमाणसानं पिंड उचलायचा नसतो, कुणीतरी पुटपुटलं. तिनं उचलला आणि समोरच्या कावळ्याच्या चोचीत हात घातला. कोपर गेलं, दंड गेला, खांदा चोचीला टेकला. तळाशी बोटांनी पिंड घेतला. शिवला कावळा, भटजी म्हणाले. मंडळींनी श्वास सोडला.

"वैनी, हात काढा आता," शिदबा म्हणाला.

"काढतेय की."

"मग सोडा दादाला."

"मी कवाच सोडलंय," ती म्हणाली. "त्यांनी धरलंय."

कावळ्यानं पंख पसरले.