मदरबोर्डाचा मातृदोष

औशाच्या बसस्टँडसमोर, भागवतच्या गेमिंग सेंटरपुढं त्या रविवारी चपलांची एवढी रास पडली होती, की आत कीर्तन आहे की साखरपुडा हे येणाऱ्याला कळेना. आत होता एक कॉम्प्युटर. त्याला झेंडूचा हार, बटणावर कुंकू आणि अंगावर लाल कापड. समोर गोल फिरणाऱ्या खुर्चीत गतिनाथ महाराज विराजमान. भक्त पाया पडायला वाकला की खुर्ची फिरायची आणि नमस्कार महाराजांच्या पाठीला जायचा. महाराज त्याही बाजूनं आशीर्वाद देत.

"आत रॅम हाय, पण राम न्हाई," महाराज सांगत होते. "मदरबोर्डात मातृदोष हाय. त्यात तुम्ही विंडो उघड्या ठेवता. मग बाधा शिरणार न्हाई तर काय?"

लोकांनी माना डोलावल्या. मार्केट यार्डात सोयाबीन घालून आलेले एक गृहस्थ घरचा बंद पडलेला मिक्सर काखोटीला मारून रांगेत उभे होते.

महानंदाबाई मागच्या भिंतीला टेकून हे बघत होत्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवत आणि रविवारी इथं येऊन पडद्यावरची बस चालवत. खरी गाडी घरात कुणी कधी हातात दिली नव्हती. ही बस मात्र त्या घाटातून हॉर्न वाजवत झोकात न्यायच्या. भागवत त्यांचा जुना विद्यार्थी, त्यामुळं त्यांना बसायला कायम चांगली खुर्ची मिळायची.

पण या कॉम्प्युटरला महिन्यापासून एक रोग जडला होता. खेळ सुरू झाला की लोण्यासारखा चालायचा. थोड्या वेळानं अडलेल्या बैलासारखा जागीच थबकायचा. पडदा सेकंदाला किती चित्रं काढतो हे सांगणारा कोपऱ्यातला आकडा नव्वदीवरून धाडकन दहा-बारावर यायचा. बाईंची बस दरीत जायची, आणि लातूरच्या स्पर्धेची तयारी करणाऱ्या पोरांच्या हातातली बंदूक शत्रू मारून गेल्यावर उडायची. भागवतनं वायर बदलली, खेळ काढून पुन्हा भरला, काही उपयोग झाला नाही. मग कुणीतरी रेणापूरकडून महाराजांना आणलं.

महाराजांचा विधी मोठा होता. आधी यंत्राला उपवास, म्हणजे वीज बंद. मग बाजूचं झाकण उघडून लांबलचक मंत्र आणि मोरपिसांच्या भल्यामोठ्या पंख्यानं वारा. मग यंत्र सुरू केलं की आकडा थेट नव्वद! लोक जयजयकार करत. शेवटी महाराज आत अंगारा फुंकत आणि यंत्राला मागून-पुढून लाल कवचवस्त्र गुंडाळत. दुपारपर्यंत रोग परत यायचा आणि महाराजही.

आज तिसऱ्यांदा आल्यावर त्यांनी डोळे मिटून निदान केलं, की या यंत्रावर बाईमाणसाचा हात पडतो, म्हणून कवच टिकत नाही.

सेंटरमध्ये बायका दोनच यायच्या. एक महानंदाबाई, दुसरी कॉलेजात शिकणारी वर्षाराणी, लातूरला जाणाऱ्या संघातली सगळ्यांत अचूक नेमबाज. भागवत बाईंपाशी आला, जमिनीकडं बघत म्हणाला, "बाई, लई वाईट वाटायलंय. पण लातूरची मॅच होईस्तोवर तुम्ही नका येऊ. वर्षाराणीला बी संघातून काढावं लागतंय."

बाई रागानं बाहेर पडल्या. पायरीवर वर्षाराणी बसली होती. तिनं स्वतःचे दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघितले आणि हळूच विचारलं, "बाई, खरंच असतं का हो काही हातात?"

बाई तिथूनच माघारी वळल्या. बारावी पास झालेली पोर स्वतःच्या हातांना भ्यायला लागली, हे त्यांच्यानं सोसवेना.

त्यांनी महाराजांना नमस्कार करून एकदा परीक्षा घेऊ द्या म्हटलं. महाराज म्हणाले, परीक्षा घेतली की शक्ती रुसते. पण गर्दीला तमाशा हवाच होता. बाईंनी भागवतला खेळायला बसवलं, कवचवस्त्र तसंच ठेवून, आणि यंत्राच्या आतलं तापमान दाखवणारा आकडाही पडद्यावर आणायला लावला. भागवत पुरुष, अंगारा लावलेला, सकाळपासून उपाशी. तरी तापमान चढत गेलं आणि शंभरीला टेकताच खेळ थबकला.

मग बाईंनी कॉम्प्युटर बंद केला, कापड सोडलं, झाकण काढलं, समोर टेबलफॅन लावला आणि मंत्राऐवजी खणखणीत आवाजात एकोणतीसचा पाढा म्हटला. पुन्हा सुरू केल्यावर चित्रांचा आकडा नव्वद.

मिक्सरवाले गृहस्थ पुढं झाले, बाईंच्या पाया पडले आणि म्हणाले, "पाढ्यात लई ताकद हाय, माय. एकदा मिक्सरवर बी म्हणा."

बाईंनी कपाळाला हात लावला. हे एक नवंच संकट. त्यांनी कापड बांधून यंत्र पुन्हा थबकेपर्यंत तापवलं, बंद करून उघडलं आणि या तिसऱ्या वेळी सगळ्यांना सोयाबीनच्या भावाबद्दल मोठमोठ्यानं भांडायला सांगितलं. मंत्र नाही, पाढा नाही, नुसता फॅन. आकडा पुन्हा नव्वद.

मग त्यांनी आत बोट घालून धुळीचा एक गोधडीएवढा जाड थर ओढून काढला. स्टँडसमोरची धूळ आणि त्यावर घट्ट बसलेला अंगारा. त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं, की प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून मुद्दाम हळू चालतो. उपवासात तो थंड होत होता आणि कापडानं हवा जायची जाळी बंद झाली की पुन्हा तापत होता.

ब्रशनं सगळं झाडून भागवतनं वर्षाराणीला खेळायला बसवलं. ती दुपारभर खेळली. आकडा जागचा हलला नाही.

भागवतनं महाराजांना विचारलं, कापड नेमकं जाळीवरच का बांधत होतात? महाराजांनी खुर्ची पाठमोरी फिरवली. तिकडूनच म्हणाले, "लातुरात रिपेअरिंगच्या दुकानात होतो. तिथं साफ करून दिलं की गिऱ्हाईक परत येत न्हाई."

भागवतनं त्यांना चपला शोधून दिल्या आणि वर्षाराणीची माफी मागितली. ती म्हणाली, माफी राहू द्या, संघात नाव घाला.

लोक पांगायला लागले तेव्हा बाईंनी त्यांना थांबवलं. "यंत्र तापलं तर धूळ काढा, माणूस तापला तर दवाखान्यात न्या. गुण आला तर कशानं आला ते एकेक गोष्ट बदलून बघा. आणि कुणी तुमच्या लेकीच्या हातात दोष सांगत असेल, तर आधी त्याचा हात कुठं आहे ते बघा."

मिक्सरवाल्यांनी मान डोलावली आणि ते समोरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानाकडं निघाले.

लातूरला संघ दुसऱ्या फेरीत हरला. समोरचे चांगले खेळले होते. परतीच्या बसमध्ये पोरं आपण कुठं चुकलो यावर औसा येईपर्यंत भांडत होती, आणि सगळ्यांत मोठा आवाज वर्षाराणीचा होता.