केळीबागेवरचे फुगे

फुग्यांची सजावट करणारी कोकिळा हेलियमची टाकी टेम्पोत घालून पाचोऱ्याहून निघाली आणि सकाळीच यावलकडच्या जीवरामभाऊंच्या मळ्यात पोहोचली. भाऊंची मुलगी ऋतिका धुळ्याला दिलेली. तिच्या लेकीचा पहिला वाढदिवस माहेरी, मळ्यातच, भरिताचं जेवण घालून करायचा असं ठरलं होतं.

टाकी खाली उतरली आणि भाऊंच्या पत्नी मंदाबाई आडव्या आल्या. पलीकडे कपाशीच्या काड्यांचा जाळ करून वांगी भाजायला घातली होती. जाळाजवळ गॅस नको, असं त्यांचं म्हणणं. एका जत्रेत त्यांच्या भाच्याच्या हातातल्या फुग्याला कुणाची तरी विडी लागली, फुग्याने भडका घेतला आणि पोराचा हात भाजला. तेव्हापासून गॅसचा फुगा त्या दारात येऊ द्यायच्या नाहीत.

कोकिळाला ही भीती नवी नव्हती. वाद न घालता तिने एक फुगा भरला, मंदाबाईंना बोलावून घेतलं आणि पेटती काडी फुग्याला लावली. फुगा फट्‌कन फुटला. काडी मात्र विझून गेली.

"जत्रेतला तो हायड्रोजन असेल, अक्का," ती म्हणाली. "तोही हलका, पण पेटतो. हा हेलियम. हवेपेक्षा हलका आहे म्हणून फुगा वर जातो, पण हा काही केल्या पेटत नाही. दवाखान्यातलं एमआरआयचं मशीन गार ठेवायलासुद्धा हाच लागतो."

मंदाबाईंच्या कमरेचा एमआरआय जळगावला नुकताच झाला होता. विझलेल्या काडीकडे बघत त्या जराशा हसल्या.

"म्हंजे मह्या कमरेले बी हाच कामी आला," म्हणत त्या वांग्यांकडे वळल्या.

कमान उभी राहिली. गुलाबी आणि लाल फुगे मळ्यातल्या खोपीच्या वर डुलू लागले. वांगी सोलली, ठेचली, फोडणी पडली, पुऱ्याही तळून झाल्या, तरी धुळ्याच्या पाहुण्यांचा पत्ता नव्हता. ऋतिकाचा नवरा योगराज फोनवर सांगून सांगून थकला. चहूकडे पुरुषभर उंच केळी, सगळे बांध एकसारखे. मोबाइलच्या नकाशाने गाड्या भलत्याच मळ्यात नेऊन सोडल्या होत्या. योगराजचे आजोबा अभिमनआबा शेवटी स्वतःच फोनवर आले. "आठे बठ्ठं केळीच केळी शे," इथे सगळीकडे नुसती केळीच, एवढं ते म्हणाले आणि रेंज गेली.

ऋतिकाचा चेहरा पडलेला कोकिळाने पाहिला. तिने कमानीकडे बघितलं. सकाळभर खपून बांधलेली कमान, फोटोही काढायचे राहिलेले. पण जेवायला माणसंच नसली तर फोटो कुणाचे काढायचे? तिने ऋतिकाला विचारलं आणि लाल फुगे सोडवायला घेतले. टाकीत उरलेल्या गॅसवर आणखी काही भरले आणि सगळ्यांचा एक घोस केला.

जीवरामभाऊंनी सुतळीचं बंडल आणून दिलं. घोस केळीच्या पानांपर्यंत चढला आणि तिथेच लोंबकळत राहिला. सुतळीचं वजन त्याला पेलेना. मग कोकिळाने पिशवीतली बारीक फीत काढली, तुकडे गाठी मारून जोडले. आता घोस सरसर वर गेला. वारा पडलेला होता. लाल ठिपका केळीच्या पानांवर, विजेच्या तारांपासून दूर, उंच उभा राहिला.

रेंज मिळताच योगराजने आबांना वर बघायला सांगितलं.

थोड्याच वेळात बांधावर धुळीचा लोट दिसला. पहिल्या गाडीतून आबा उतरले, पणतीला कडेवर घेतलं आणि तिला लाल ठिपका दाखवू लागले. पण त्यांच्या मागे आणखीही माणसं आली. शेजारच्या मळ्यात केळीची कापणी करणारी मंडळी फुगे कसले म्हणून बघायला आली होती. बांधापाशी ती अवघडून उभी राहिली.

मंदाबाईंनी केळीची पानं कापून आणायला सांगितली. भरीत भरपूर होतं. "आता आलेच, त जेवल्याशिवाय जायाचं नही," म्हणून त्यांनी सगळ्यांना पंगतीला बसवलं.

कोकिळा वाढायला उठली, तशी मंदाबाईंनी तिलाही हाताला धरून खाली बसवलं आणि तिच्या पानावर भरिताचा मोठा गोळा वाढला. भरीत तिखट होतं, गरम होतं. तिने पुरी मोडली आणि कितीतरी दिवसांनी घाई न करता जेवली.