मागच्या खोलीतली पावलं

सुताराच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नसे. खाली कारखान्यात गोल करवत सुरू झाली की वरून कितीही ओरडा, घसा बसेल पण आवाज खाली पोचायचा नाही. म्हणून वरची माणसं टाचेने लाकडी जमिनीवर ठोके देत आणि खालची माणसं हातोड्याने खांबावर. दोन ठोके म्हणजे जेवायला या. तीन म्हणजे गिऱ्हाईक आलंय. लागोपाठ धाडधाड म्हणजे असाल तसे धावा. "लोकांच्या घरी भिंतींना कान असतात," सुताराचा मुलगा लग्नानंतर बायकोला म्हणाला होता, "आमच्याकडे जमिनीला तोंड आहे." थोड्या दिवसांत तिच्याही टाचा बोलायला शिकल्या.

तिचं बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलं. कावीळ झाली म्हणून त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. घरी सोडायच्या आधी कान तपासणारी बाई आली. तिने झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडासारखं काहीतरी बसवलं आणि हातातल्या छोट्या यंत्राकडे बघत राहिली.

"यातून बारीक आवाज आत जातो," ती म्हणाली. "कान चांगला असला की तोही आतून उलट बारीकसा आवाज काढतो. आपल्याला नाही ऐकू येत, यंत्राला येतो."

"मग याचा आला?"

बाईने दुसरा कान तपासला, मग पुन्हा पहिला. "आज तरी दोन्ही गप्प आहेत. आत पाणी साचलेलं असेल, पुष्कळदा असतं. पण डोक्याला तारा लावून करतात त्या मोठ्या तपासणीला आणा. लांबवू नका हं. बाळाचा मेंदू आवाजाची वाट बघत फार दिवस बसत नाही."

गप्प. तो शब्द तिच्याबरोबर घरी आला.

सासऱ्यांना सांगितलं तर ते हसले. बाळाच्या चौकोनी डोक्यामुळे त्यांनी त्याचं नाव ठोकळोबा ठेवलं होतं. त्यांनी त्याला जमिनीवरच्या गोधडीवर निजवलं, पाठीमागे गेले आणि टाचेने दोन ठोके दिले. बाळाने टक्कन डोळे उघडले.

"बघा. जेवायची हाक बरोबर कळली. खादाड निघणार लेकाचा."

"बाबा, हल्ली तुम्हालाच सगळं दोनदा सांगावं लागतं," नवरा म्हणाला.

"तू तोंडातल्या तोंडात बोलतोस. याला माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं. एवढ्याशा जिवाच्या डोक्याला तारा लावायच्या? माझ्या घरात हे चालणार नाही."

नवऱ्याने बायकोकडे बघून खांदे उडवले. बापाच्या शब्दाबाहेर तो गेलेला नव्हता, आणि ठोके ऐकून डोळे उघडणारं मूल त्यालाही दिसतच होतं. तपासणीचा दिवस निघून गेला. कान तपासणाऱ्या बाईने फोन करून दुसरा दिवस दिला.

दुपारी करवत बंद असे. नवरा माल पोचवायला जाई, सासरे वर येऊन बाळाशेजारी जमिनीवरच आडवे होत. अशाच एका दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घर इतकं शांत होतं की कापडाची सळसळ मोठी वाटावी. हातपाय झाडत पडलेलं बाळ एकदम थांबलं. त्याची मान मागच्या खोलीच्या बंद दाराकडे कलली. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचीही मान तिकडेच होती. म्हातारा आणि तान्हं, दोघे एकाच क्षणी, एकाच दाराकडे.

तिने कान दिला. काही नव्हतं.

"आली," सासरे हलकेच म्हणाले.

"कोण आलं?"

बाळाच्या आणि त्यांच्या नजरा एकाच चालीने दाराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकल्या आणि परत आल्या. आत कुणी येरझाऱ्या घालावं तशा.

त्या खोलीत तिच्या सासूबाई गेल्या वर्षी वारल्या होत्या. शेवटच्या आजारात त्यांना झोप लागत नसे. खिडकीपासून खाटेपर्यंत आणि खाटेपासून खिडकीपर्यंत त्या फिरत राहत. आता खोलीत फक्त लाकूड रचलेलं होतं.

"रोज येते," सासरे मग म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट घरचं माणूस वेळेवर परतल्यासारखं समाधान होतं. "मला वाटायचं मलाच भास होतोय. पण याला पण ऐकू येते, बघ. आजीची पावलं ओळखतो. आणि तुम्ही म्हणता बहिरा."

तिच्या हातातली घडी विस्कटली. तारा त्यांना का नको होत्या ते तिला आत्ता कळलं. बाळ बहिरं ठरलं, तर ही पावलंही भास ठरणार होती. आणि तिला एकटीलाच काही ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासरे बाळाशेजारी आडवे झाल्यावर तिने किल्ली घेतली, चपला काढल्या आणि ती मागच्या खोलीत गेली. फळ्यांची रास, भुसा, बंद खिडकी. तिने दार लोटून घेतलं आणि भिंतीशी उभी राहिली.

ऐकू काहीच आलं नाही. पण टाचेखाली काहीतरी पडलं. जड, मऊ. मग पुढच्या फळीवर. मग त्याच्या पुढच्या. खिडकीकडून खाटेच्या जागेकडे, थोडं थांबून पुन्हा खिडकीकडे. एक पाऊल तर तिच्या अगदी पायाशी आलं आणि थांबलं. ती दाराकडे धावली नाही, कारण पायच उचलेनात.

पाय उचलेनात, तेव्हाच तिच्या ध्यानात आलं. जे कळलं ते टाचेला कळलं होतं. कान तर कोरडेच होते.

भिंतीपलीकडे कपडे धुवायचं दुकान होतं. त्यांचं एखादं मोठं यंत्र दुपारी फिरत असेल, जमिनीखालची तुळई त्याच भिंतीत गेलेली होती. असेल, नसेलही. ती विचारायला गेली नाही. पावलं कुणाची हा तिचा प्रश्न नव्हता.

त्याच संध्याकाळी तिने नवऱ्याकडून पाळणा छताच्या तुळईला टांगून घेतला. दोर आखूड, खाली जाड गादी. "एवढा उंच कशाला?" त्याने विचारलं. "जमिनीवर गार लागतं," ती म्हणाली.

पुढच्या दुपारी बाळ पाळण्यात होतं. सासरे खाली पाय पसरून बसले होते. करवत थांबून बराच वेळ झाला. मग त्यांची मान वळली.

"आली."

बाळ झबल्याचं बटण चोखत होतं.

"ए ठोकळोबा. आजी आली."

बाळाने बटण सोडलं नाही. सासऱ्यांनी टाचेने दोन ठोके दिले. मग तीन. मग धाडधाड. पाळण्यात बाळ शांतपणे छताकडे बघत राहिलं, जणू त्या घरात दुसरं कुणीच नव्हतं.

त्यांनी त्याला उचलून गोधडीवर ठेवलं. बाळ थांबलं, मान दाराकडे कलली. पुन्हा पाळण्यात ठेवलं. काही नाही. ती घड्या घालत राहिली. लाकूड वाकडं आहे हे सुताराला दुसऱ्याने सांगावं लागत नाही.

सासरे उठून आपल्या पलंगावर बसले. गादी जाड होती. त्यांनी सावकाश दोन्ही पाय जमिनीवरून उचलले आणि लहान मुलासारखे अधांतरी धरले. तसेच बसून त्यांनी दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांचे पाय थरथरायला लागले, तरी त्यांनी ते खाली टेकवले नाहीत.

शेवटी ते म्हणाले, "तारा लावायला कधी जायचंय?"

तपासणीची खोली आवाज गिळणारी होती. भिंतींना स्पंज, जमिनीवर रबर. कान तपासणाऱ्या बाईने दार ओढलं आणि बाहेरचा रस्ता मिटून गेला. दूध पिऊन आईच्या मांडीवर झोपलेल्या बाळाच्या कपाळावर आणि कानांमागे तिने तारा चिकटवल्या, कानांत बोंडं बसवली आणि दिवा मंद केला. सासरे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. मधूनमधून ते बूट रबरावर घासून बघत. जमीन त्यांना काही सांगत नव्हती.

पडद्यावर एक रेघ सरकू लागली.

"आवाज सुरू आहे?" तिने कुजबुजत विचारलं.

"केव्हाचा. मेंदूपर्यंत पोचला तर इथे लाटा उठतात." बाईने आवाज वाढवला. रेघ सपाट. आणखी वाढवला. जगात कुठेतरी प्रचंड गोंगाट चालला होता आणि तो या खोलीत कुणालाही ऐकू येत नव्हता. बाळाच्या तर पापणीचीही हालचाल नव्हती.

मग बाईने बोट टेकवलं. "ही बघा. अगदी मोठ्या आवाजाला एवढीशी लाट आहे. थोडं उरलंय आत. ते आपल्याला पुष्कळ आहे. कानांना यंत्रं लावू, वेळेत आलात तुम्ही. आणि बोलणं थांबवू नका. याच्या समोर बसा, तोंडावर उजेड घ्या आणि बोला. खूप बोला."

तिने मान हलवली. डोळे भरून आले होते, तरी ती रेघेवरच्या त्या एवढ्याशा उंचवट्याकडे बघत राहिली.

"तपासणी सुरू कधी करणार?" कोपऱ्यातून सासऱ्यांनी विचारलं.

कान तपासणाऱ्या बाईने चमकून तिच्याकडे पाहिलं. ती मागे वळली. सासरे पुढे झुकून तिच्या तोंडाकडे बघत होते. मांडीवर बाळही जागं झालं होतं, आणि तेही तिच्या तोंडाकडेच बघत होतं.

तिने खुर्ची दिव्याखाली ओढली.

"बाबा," ती सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "इकडे बघा. सांगते."