स्पूल व्हायला वेळ लागतो

आमच्या टेस्ट शेडमध्ये जेट इंजिनाचा इंधन वाढवायचा दांडा पुढे ढकलला, तरी लगेच काही होत नाही. आतली पाती हळूहळू वेग धरतात, मगच जोर येतो. ह्यालाच आम्ही म्हणतो स्पूल होणं. घाई करून इंधन कोंबलंत, तर इंजिन ठसकतं.

हा शब्द मी घरी आणला तो बायकोसाठी. मी काही विनोद केला की सगळे हसायचे, हसून पाणीबिणी प्यायचे, आणि मग बाईसाहेब खिदळायच्या. "झाली बघा स्पूल!" मी ओरडायचो. तिचा भाऊही हसण्यात तिच्याच वळणावर गेलेला. त्याला मी टर्बो म्हणतो, चिडवायला.

ती गेली. घर इतकं गप्प झालंय की फ्रीज घरघरला तरी मी "हं, बोल" म्हणतो.

टर्बोचंही हसणं बंद. फोनवर मी एखादा विनोद फेकला की "बरं दाजी, ठेवतो." अरे गाढवा, स्पूल व्हायच्या आधीच ठेवतोस! तिचं हसू आता फक्त तुझ्याच गळ्यात उरलंय, मला ते एकदा ऐकायचंय. पण हे मेहुण्याला सांगणार कसं?

काल तो तिचं शिलाई मशीन न्यायला आला. चहा नको म्हणाला.

"जड आहे रे, सांभाळून," मी गंभीर तोंड करून म्हटलं.

"मशीन आहे दाजी, पिसं थोडीच आहेत?"

मशीनची पेटी उचलून गेला. पेटीत मी भरलेले माझे जुने बूट आणि दोन विटा. मशीन पलंगाखाली.

जिन्यात काहीतरी गडगडलं. झाकण उघडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मी दाराला कान लावून उभा. चिडला की काय? तसाच निघून गेला तर? हात कडीवर गेला. म्हटलं, थांब, इंधन कोंबू नकोस.

आणि आलं हसू. आधी नाकातून, मग पोटातून, शेवटी उचकी लागल्यासारखं. डिट्टो तीच. मी दाराला पाठ लावून खालीच बसलो.

"दाजी, तुम्ही ना..." पुढचं त्याला बोलवेना.

"बूट वर घेऊन ये माझे!" मी आतूनच ओरडलो.

पेटी पायरीपायरीने वर आली. दाराबाहेर हसणं अजून चालूच होतं. ते संपेपर्यंत मी कडी काढली नाही.