टर्नर टेकडीवरचा अर्धा इंच

त्या हिवाळ्यात ओडेल ट्रॉग्डन यांचा अंदाज तीनदा चुकला होता, आणि तिन्ही वेळा सगळ्या गावासमोर.

ओडेल बहात्तर वर्षांचे. मोज्यांच्या गिरणीत चाळीस वर्षं त्यांनी यंत्रं दुरुस्त केली. गिरणी बंद पडली तसे ते घरी बसले आणि पूर्णवेळ आभाळाकडे बघायला लागले. त्याआधी अर्धवेळ बघत असत. टर्नर टेकडीच्या पायथ्याशी, ओढ्यावरच्या पुलाला लागून त्यांचं घर. अंगणात पाऊस मोजायचं नळकांडं आणि चार तापमापक: एक हवेत, एक गवतात, एक मातीत आणि एक रस्त्याच्या कडेला डांबरात भोक पाडून बसवलेला. हे शेवटचं काम करताना त्यांनी कुणाची परवानगी घेतली नव्हती. आणि पांढरा रंग दिलेली एक फळी, बर्फ मोजण्यासाठी.

मी शाळेची बस चालवते. बावीस वर्षं झाली. पण माझाही जीव आभाळातच. नॉर्थ कॅरोलायनाच्या या मधल्या पट्ट्यात बर्फावर जीव असणं म्हणजे एकतर्फी प्रेम. पश्चिमेला डोंगरात पडतो, वर व्हर्जिनियात पडतो, आमच्याकडे येईस्तोवर त्याचा पाऊस झालेला असतो. तरी ओडेल, मी आणि टायरच्या दुकानातला ब्राइस लॅसिटर, असे आम्ही तिघं दर बुधवारी सकाळी डॉटीच्या हॉटेलात बसायचो. बिस्किट-ग्रेव्ही, म्हणजे मऊ पाव आणि दाट रस्सा, खायची आणि पुढच्या आठवड्यात काय पडणार यावर भांडायचं. ब्राइस फोनवर पाच-सहा संगणकी नकाशे उघडून बसायचा. ओडेल नकाशे बघायचे, पण मत द्यायचे वाऱ्याला नाक लावून.

डिसेंबरात ते म्हणाले होते, चार इंच. अडकून पडू या भीतीनं लोकांनी दुकानातलं दूध आणि पाव संपवला. पाऊस पडला. नाताळानंतर म्हणाले, दोन इंच. ऊन पडलं. जानेवारीच्या सुरुवातीला म्हणाले, या वेळी शंभर टक्के. त्या दिवशी लोक अंगणात बिनबाह्यांच्या कपड्यांत फिरत होते. टीव्हीवरचेही तितकेच चुकले होते म्हणा. पण टीव्हीवरच्यांना रस्त्यात गाठता येत नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा गडबड सुरू झाली. सोमवारी टीव्हीवर तीन इंच, मंगळवारी एक, आणि बुधवारी सकाळी, ‘उद्या दुपारनंतर थोडी भुरभुर, रस्त्यांना त्रास नाही.’ ब्राइसच्या दोन नकाशांत बर्फ, तीन नकाशांत काहीच नाही.

“मग, मिस्टर ओडेल?” डॉटीनं कॉफी ओतता ओतता विचारलं. “दुधाचे किती कॅन मागवून ठेवू?”

आसपासची टेबलं हसली. ओडेलही थोडे हसले. म्हणाले, “जमीन तीन दिवस गोठलेली आहे. माझं मत असं की...”

आणि तेवढ्यात माझी जीभ घसरली. “मिस्टर ओडेल, तुम्ही बर्फ म्हणालात की मी लोकरी टोपी नाही, उन्हाचा गॉगल बाहेर काढते!”

मग असा हशा पिकला की स्वयंपाकघरातून आचारी डोकावला. मलाही मजा वाटली, क्षणभर. ओडेल यांनी बिस्किटाचा तुकडा ग्रेव्हीत फिरवला, खाल्ला नाही. मग शांतपणे म्हणाले, “बरोबर आहे तुझं, व्हर्लीन. मी आता अंदाज सांगायचं बंद करतो. पडेल तेवढं मोजीन, झालं.” आणि टोपी घालून निघून गेले.

“जरा जास्तच झालं गं,” ब्राइस म्हणाला.

“थट्टा होती रे,” मी म्हणाले. पण दिवसभर ते बोलणं खड्यासारखं टोचत राहिलं. फोन करावा असं दोनदा मनात आलं, केला नाही.

गुरुवारी दुपारी अडीचला मी शाळेच्या फाटकाशी बस लावली होती. पोरं चढत होती. पातळ ढगांतून सूर्य दिसत होता, रस्ता कोरडा ठणठणीत. फोन वाजला. ओडेल.

“व्हर्लीन, निघालीस का?”

“निघतेच आहे. का हो?”

“इथे पडतोय. पिठासारखा बारीक. फळीवर अजून पाव इंचही नाही. पण डांबर बावीस अंशांवर आहे, म्हणजे पाणी गोठतं त्याच्या दहा अंश खाली. गाड्यांच्या चाकांखाली तो वितळतो आणि लगेच गोठतो. नुसती काच झालीये रस्त्याची. मघाशी एक पिकअप माझ्या दारासमोर गर्रकन फिरला.”

मी आभाळाकडे पाहिलं. “इथे तर काहीच नाही.”

“मला माहीत आहे. हा अंदाज नाही सांगत मी, पोरी. मोजून सांगतोय. टेकडी उतरू नकोस.”

मी बसच्या कचेरीत फोन लावला. तिथले प्रमुख गॅडी. माणूस वाईट नाही, पण त्या दिवशी त्यांच्याकडे चव्वेचाळीस बसेस आणि एकच डोकं होतं.

“कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं.

“ओडेल ट्रॉग्डन यांनी.”

पलीकडून नुसता सुस्कारा आला. “व्हर्लीन, त्या माणसाच्या नादानं माझ्या बायकोनं सहा पाव आणले होते. इशारा आलेला नाही, बसेस थांबवता येत नाहीत. तू निघ. वाटेत तुला जे दिसेल त्याप्रमाणे ठरव. तेवढा हक्क तुला आहेच.”

मी निघाले. एकतीस पोरं. तिघं वाटेत उतरली, अठ्ठावीस राहिली. चौथ्या मैलावर काचेवर पहिले कण आले, आणि पोरांनी जो काही आरडाओरडा केला! “मिस व्हर्लीन, बर्फ! मिस व्हर्लीन, उद्या सुट्टी?” एरवी त्यांच्याआधी मीच ओरडले असते. त्या दिवशी मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते.

टेकडीच्या माथ्यावर पिस्गा चर्च आहे. तिथून रस्ता सरळ खाली ओढ्यापर्यंत जातो, शेवटी डावीकडे वळण आणि अरुंद पूल. रस्त्यावर बर्फ असा दिसतच नव्हता, बिस्किटं लाटल्यावर ओट्यावर पीठ राहावं तेवढा. खरं सांगते, फोन आला नसता तर मी सरळ उतरले असते. बावीस वर्षं उतरतच होते.

मी बस चर्चच्या आवारात घेतली, ब्रेक ओढला आणि खाली उतरून रस्त्यावर एक पाय टेकवला. पाय माझा राहिलाच नाही. दाराचा दांडा हातात होता म्हणून वाचले.

मी अजून उभीच होते, तेवढ्यात मागून गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेला एक ट्रक आला. मी दोन्ही हात हलवले. त्यानं मला पाहिलं, ब्रेक दाबला, आणि तिथेच सगळं संपलं. ट्रक फिरून रस्त्याला आडवा झाला आणि तसाच आडवा, अगदी सावकाश, आवाज न करता घसरत खाली गेला. वळणावर तो वळला नाही. पुलाचा कठडा तोडून पुढची चाकं ओढ्यावर लोंबकळत राहिली. चालक दार उघडून मागच्या बाजूनं बाहेर पडला आणि रस्त्यावर बसला. जिवंत होता, धड होता. पण माझ्या डोळ्यांसमोर तो ट्रक माझ्या बससारखा पिवळा झाला, आणि त्याच्या खिडक्यांत अठ्ठावीस चेहरे दिसायला लागले.

बसमध्ये शिरले तेव्हा पोरं खिडक्यांना चिकटून खाली बघत होती. पुढच्या सीटवरची अ‍ॅडलिन, सात वर्षांची, म्हणाली, “मिस व्हर्लीन, आपण तसं नको करू या.”

“नाही करायचं गं बाई,” मी म्हणाले. “आपण इथेच थांबायचं.”

रेडिओवरून गॅडींना कळवलं. त्यांनी एक शब्दही उलट न बोलता राहिलेल्या बसेस शाळांतच थांबवल्या. मग फोन ओडेल यांना. चर्चची उबेची भट्टी पेटवणं आणि किल्ली सांभाळणं हे काम त्यांच्याकडेच.

“मी येतो,” ते म्हणाले.

“कसे येणार? पुलापासून वर काच आहे सगळी.”

“चाळीस वर्षं मोज्यांच्या गिरणीत काय उगीच काढली? येतो.”

अर्ध्या तासानं ते टेकडी चढताना दिसले. बुटांवरून जाड लोकरी मोजे चढवलेले, हातात कुदळीचा दांडा, पाठीवर भलंमोठं पोतं. एकदाही न घसरता वर आले. पोरांनी खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या.

दार उघडलं, भट्टी पेटली. पोतं उपडं केलं तर आत मोजे. शेकडो. गिरणी बंद झाली तेव्हा सदोष म्हणून टाकून दिलेला माल त्यांनी माळ्यावर ठेवला होता. कुठे टाच उलट, कुठे एकाच मोज्यात तीन रंग.

“बुटावरून चढवायचे,” त्यांनी पोरांना दाखवलं. “लोकर बर्फाला धरते. बुटाचा रबर नाही धरत.”

मी एकेका घरी फोन लावत गेले. टेकडीखालची कुटुंबं चालत वर यायला लागली. माझ्या हातून फोन घेऊन ओडेल यांनी प्रत्येकाला बजावलं होतं, मोजे घालून या. कुणी बापाचे, कुणी फुटबॉलचे, एक आजोबा तर बायकोचे गुलाबी मोजे बुटांवर ओढून आले होते आणि त्यांना अजिबात लाज नव्हती. पोरांना हाताला धरून, रस्त्याच्या कडेच्या गवतावरून, एकामागून एक माणसं उतरत गेली. अ‍ॅडलिनचा बाप आला तेव्हा तो येताना पुलावरचा ट्रक बघून आला होता. त्यानं माझे हात धरले, मग ओडेल यांचे धरले, आणि पोरीला खांद्यावर घेऊन निघाला.

मधल्या वेळात ओडेल यांनी पोरांना आवारातल्या बाकावर बर्फ मोजायला लावला होता. एकूण सहा दशांश इंच. अर्ध्याहून जरासा जास्त. त्यावरून पोरांत मारामारी व्हायची वेळ आली, कारण प्रत्येकाला पट्टी स्वतः धरायची होती.

सहा वाजता शेवटची दोन भावंडं गेली. दिवेलागण झाली होती. आम्ही दोघं चर्चच्या स्वयंपाकघरात कॉफी करून बसलो. मी कप खाली ठेवला.

“मिस्टर ओडेल,” मी म्हणाले, “काल मी जे बोलले...”

“गॉगलचं? चांगला होता गं विनोद. घरी जाऊन हसलो मी.” त्यांनी कॉफीत साखर ढवळली. “लगेच नाही हसलो. जेवणानंतर.”

“माझं चुकलं.”

“ऐक. मलाही एक सांगायचंय.” त्यांनी कपाकडे बघत सांगितलं. “तो पिकअप फिरला तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. तुला फोन केला अडीचला. दहा मिनिटं मी फोन हातात धरून उभा होतो. म्हटलं, ती हसेल. पुन्हा सगळे हसतील. तू पाच मिनिटं आधी निघाली असतीस तर? दहा मिनिटं, व्हर्लीन. स्वतःच्या मानापायी.”

ती दहा मिनिटं एकट्या त्यांची नव्हती, माझीही होती. कदाचित जास्त माझीच. मी तसं म्हणाले. ते नको नको म्हणत मान हलवत राहिले. मग मी उठून त्यांच्या खांद्याला मिठी मारली. त्यांना सवय नव्हती. पुढ्यातल्या टेबलाला थोपटावं तसं त्यांनी माझ्या हाताला थोपटलं.

त्या दिवशी जिल्ह्यात शंभरावर गाड्या घसरल्या. दोन बसेस वाटेतच अडकून पडल्या. पोरं भुकेली आणि रडवेली झाली, पण सुखरूप घरी पोचली. कुणाचा जीव गेला नाही. याबद्दल मी अजूनही रोज देवाचे आभार मानते, आणि देवानंतर लगेच कुणाचे, ते सांगायला नको.

शुक्रवारी दुपारपर्यंत सगळा बर्फ विरघळून गेला. रविवारी गॅडी स्वतः ओडेल यांच्या दारात आले, टोपी हातात घेऊन. म्हणाले, “मिस्टर ट्रॉग्डन, तुमच्या रस्त्याचं तापमान मला रोज सकाळी पाच वाजता हवंय. फोन करत जा. आणि ते भोक... ते मी पाहिलंच नाही असं समजा.”

“अंदाज पण सांगू का?” ओडेल यांनी विचारलं.

गॅडींनी जरा विचार केला. “सांगा. मी ऐकेन. मानीनच असं नाही.”

“हे झालं प्रामाणिक,” ओडेल म्हणाले.

आठवडाभर त्यांच्या दारात पोरांच्या आया येत राहिल्या. पाउंड केक, चिकन-डंपलिंगची भांडी, पीचचा मुरांबा, घरी भाजलेला हॅम. एकट्या माणसाचा फ्रिज, तो काय पुरणार? शेवटी त्यांनी ब्राइसला आणि मला बोलावून घेतलं. ओसरीत ऊन आलं होतं. आम्ही तिघं मांडीवर ताटं घेऊन पोट फुटेस्तोवर जेवलो. ब्राइस म्हणत होता, फेब्रुवारीत एक मोठं वादळ दिसतंय. ओडेल म्हणाले, छे, ते समुद्रावरून निघून जाईल. मी म्हणाले, मला आणखी एक तुकडा वाढा, आणि मग दोघांचंही नीट सांगा, मी ऐकतेय.